हळू चालतंय म्हणून फोन नको

दौलतगंजच्या काउंटरवरून एका औषधवाल्या पार्टीचं ई-वे बिल दुपारी दोनला निघायचं ते साडेपाचला निघालं. हे बिल इंटरनेटवर काढल्याशिवाय माल बाहेरगावी नेता येत नाही, त्यामुळे भरलेला ट्रक तेवढा वेळ पडावच्या गोदामासमोर उन्हात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पार्टीने फोन करून सांगितलं की यापुढे आमचा माल तुमच्या गाडीतून जाणार नाही. विक्रमसिंहांनी फोन खाली ठेवला आणि गोविंदरावांना बोलावून घेतलं.

विक्रमसिंह हे जयसिंहरावांचे चिरंजीव. जयसिंहरावांनी तीन ट्रकांवर ही ट्रान्सपोर्ट कंपनी उभी केली होती. आता ते घरीच असत आणि कारभार मुलगा बघे. ऑफिसात सगळे वडिलांना आबासाहेब आणि मुलाला भैयासाहेब म्हणत. मुख्य ऑफिस पडावला, आणि माल घेऊन त्याची बिल्टी, म्हणजे पावती, काढून देणारे बुकिंगचे काउंटर दोन, एक दाना ओलीत, एक दौलतगंजमध्ये. तिन्ही जागचे कॉम्प्युटर, वायरी, इंटरनेट, प्रिंटर हे सतरा वर्षं गोविंदराव सांभाळत आले होते. ते कंपनीचे नोकर नव्हते, वर्षावर्षाच्या कराराने काम बघत. वय एकसष्ट. फेब्रुवारीत त्यांची बायको इंदू गेली होती आणि आता मे चालू होता.

"काका, एक बात बताओ," भैयासाहेब म्हणाले. "दौलतगंजचं नेट काल बंद होतं की नव्हतं?"

"बंद असतं तर मला फोन आला असता."

"म्हणजे चालू होतं."

"मला फोन आला नाही."

"अहो, हेच तर मी विचारतोय. काउंटरवरची गरिमा म्हणते स्लो होतं. तुम्ही म्हणता फोन आला नाही. गाडी साडेतीन घंटे खडी आणि कोणाला काही पत्ताच नाही. मग बघतं कोण?"

गोविंदरावांनी जरा विचार केला. "बघत कोणीच नाही," ते म्हणाले. "बिघडलं की दुरुस्त करतो."

"आता बघणारं काहीतरी बसवा. तो समरजीत आहे ना माझा दोस्त, त्याच्या हॉटेलात बसवलंय. कुठल्या खोलीचं नेट गेलं की त्याच्या मोबाइलवर घंटी वाजते. जेवताना पण वाजते, ते सोडा. पण समजतं तर."

गोविंदराव कामाला लागले. इंदूरच्या एका कंपनीच्या माणसाने कॉम्प्युटरवर दाखवून दिलं की त्यांची निगराणी कशी चालते. रंगीत गोल, नकाशे, आकडे, सगळं त्यांच्याकडे बसून दिसणार, आपण फक्त दर महिन्याला पैसे भरायचे. दुसरा मार्ग म्हणजे फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम. तो आपल्याच ऑफिसातल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवायचा, पण सगळं स्वतः शिकून आणि स्वतः मांडून. गोविंदरावांनी दुसरा मार्ग घेतला. भैयासाहेबांना त्यांनी कारण सांगितलं की आपल्या तीन जागांना एवढा मोठा पसारा लागत नाही. ते खरंही होतं. पण नई सडकेजवळच्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जाऊन बसण्यापेक्षा ऑफिसातल्या गोदामाच्या कोपऱ्यात बसून शिकणं त्यांना बरं वाटत होतं, हेही खरं.

बारा दिवस लागले. प्रोग्रॅमचं काम तसं साधं होतं. तो दर मिनिटाला प्रत्येक जागच्या राउटरला, म्हणजे इंटरनेटच्या डब्याला, हाक मारायचा. डब्याने ओ दिली की तो जिवंत. लागोपाठ तीनदा ओ आली नाही की गोविंदरावांच्या आणि भैयासाहेबांच्या मोबाइलवर निरोप. ओ यायला किती वेळ लागला तेही तो लिहून ठेवायचा.

मांडणी करताना एका पानावर प्रश्न आला. निरोप कधी पाठवायचा, फक्त बंद पडल्यावर, की ओ उशिरा यायला लागली तरी? उशिरा म्हणजे किती उशिरा, तो आकडा आपणच भरायचा होता. गोविंदरावांनी पहिल्याच चौकटीत खूण केली, फक्त बंद पडल्यावर, आणि पुढचं पान उघडलं.

त्यांचा तो जुना नियमच होता. सुरुवातीच्या वर्षांत काउंटरवरची माणसं ऊठसूट फोन करायची. नेट हळू चालतंय, पान उघडायला वेळ लागतोय, जरा येऊन बघा. गोविंदराव पडावहून स्कूटर काढून गर्दीतून दौलतगंजला पोचायचे, आणि तोवर सगळं सुरळीत झालेलं असायचं. एका उन्हाळ्यात एकाच दिवशी तीनदा असं झालं. मग त्यांनी दोन्ही काउंटरवर हिंदीत एक कागद छापून भिंतीला चिकटवला : नेट पूरा बंद हो तभी फोन करें, धीमा हो तो फोन न करें. फोन कमी झाले. आपण माणसांना शिस्त लावली असं त्यांना वाटलं आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला.

पहिला आठवडाभर दौलतगंज बंद पडल्याचे निरोप येत राहिले, पण ते वाचेपर्यंत तिथलं नेट परत चालू झालेलं असायचं. आठवड्याचा तक्ता निघाला तेव्हा दाना ओलीचं पान कोरं होतं. दौलतगंजच्या पानावर मात्र रोज दोन-तीन लाल रेघा होत्या. सकाळी अकराच्या पुढे-मागे एक, दुपारी अडीचला एक, कधी पाचला. प्रत्येक रेघ तीन-चार मिनिटांची.

भैयासाहेबांनी तो कागद टेबलावर पसरला. "चोरी पकडी गई," ते म्हणाले. "नेट आपोआप रोज तीन वेळा जातं आणि चार मिनिटांत वापस येतं? बटन बंद करते ती, काका. पार्टीला सांगायचं नेट नाही, आणि बसायचं मोबाइल बघत. त्या दिवशी पण हेच केलं असणार."

"तिला विचारलं का?"

"विचारून काय, सरळ सांगणार आहे? उद्या अकरा वाजता बोलावलंय तिला. हिशेब करून मोकळी. तुम्ही फक्त एक करा, आज जाऊन लाइन बघून या आणि मला लिहून द्या की लाइन ठीक आहे. मग तिला बोलायला जागा राहणार नाही."

गरिमा पाच वर्षं दौलतगंजच्या काउंटरवर होती. नवऱ्याचं मोबाइलचं दुकान गेल्या वर्षी बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. गोविंदरावांना ती मुलगी वाईट वाटत नव्हती. पण रेघा तर समोर होत्या, आणि त्या त्यांच्याच हातून बसवलेल्या प्रोग्रॅमने काढल्या होत्या. ते स्कूटर घेऊन निघाले.

दुपारची वेळ होती, बाजार सुस्त होता. काउंटर म्हणजे रस्त्यालगतची दहा बाय बाराची खोली. समोर लाकडी फळी, आत कॉम्प्युटर, गिऱ्हाइकांसाठी एक बाक. राउटर भिंतीवर वरच्या अंगाला एका लाकडी पेटीत होता. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली गोविंदरावांच्या जुडग्यात. कोणी हात लावू नये म्हणून ती पेटी त्यांनीच करून घेतली होती.

"काका, या ना, बसा. पाणी देऊ?"

"पाणी नको. मला एक सांग, तू राउटर बंद करतेस?"

गरिमाने लपवलं नाही. "हो," ती म्हणाली. "खालचं भिंतीवरचं बटण बंद करते. पेटीला तर कुलूप आहे."

"का?"

"चालत नाही म्हणून. सकाळी ठीक असतं. मग हळू हळू होतं. एवढं हळू की बिल्टीचं पान गोल गोल फिरत राहतं आणि समोर पार्टी उभी. बंद करून चार मिनिटं थांबलं आणि परत लावलं की दोन-अडीच घंटे छान चालतं. त्या दिवशी तर तेही नाही झालं, तीनदा बंद-चालू केलं तेव्हा कुठे ते बिल निघालं."

"कधीपासून हे?"

"दोन वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात जास्त."

"दोन वर्षं," गोविंदराव म्हणाले. "आणि मला एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं होतं ना, काका. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही आलात, आणि तोपर्यंत चालू झालं होतं. तेव्हा इथे चार माणसं बसली होती. तुम्ही म्हणालात, बाई, हे इंटरनेट आहे, पंखा नाही, हळू वाटलं की माणूस बोलवायला. सगळे हसले. मीपण हसले. त्यानंतर मग मी कधी फोन नाही केला. आपलं आपण निभावून घेतलं."

गोविंदरावांना ते खरोखरच आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं, त्यात शंका नव्हती. असलं ते पुष्कळदा बोलत.

"भैयासाहेबांना वाटतंय तू मोबाइल बघत बसायला बंद करतेस," ते म्हणाले. "उद्या तुला त्यासाठीच बोलावलंय."

गरिमाचा चेहरा उतरला. तिने फळीवरच्या पावत्या उगाच सारख्या केल्या. मग हळू आवाजात म्हणाली, "काकूंना मी हेच सांगत होते. काकांना सांगायला पाहिजे म्हणून."

"कोणत्या काकूंना?"

"आपल्या. इंदुकाकूंना."

"तिचा काय संबंध इथे?"

"त्या यायच्या ना दर गुरुवारी, दत्ताच्या देवळातून परत जाताना. आधी नुसत्या उभ्या उभ्या बोलून जायच्या. दसऱ्यापासून बसायला लागल्या. इथेच, बाकावर. चपला काढून बसायच्या, पाय सुजलेले असायचे. मी पाणी द्यायचे. म्हणायच्या, एवढंसं चाललं तरी दम लागतो गं, रात्री उशीला टेकून बसावं लागतं. पंधरा-वीस मिनिटं बसल्या की उठायच्या. म्हणायच्या, चल, आता घरापर्यंत जाते मी."

गोविंदरावांनी बाकाकडे बघितलं.

"मी म्हटलं, काकू, काकांना सांगितलं का? डॉक्टरकडे जा त्यांना घेऊन. तर हसल्या. भिंतीवरचा तो कागद दाखवला मला. म्हणाल्या, नियम लिहून ठेवलाय बघ त्यांनी. पूर्ण बंद पडल्याशिवाय बोलवायचं नाही."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"त्यांनी हात धरला माझा, काका. म्हणाल्या, बोलू नकोस, त्यांच्यामागे आधीच खूप काम आहे. मी खूप वेळा सोचलं की सांगावं. मग वाटायचं, तुम्ही म्हणाल, तुला काय करायचंय आमच्या घरातलं."

"एक फोन," गोविंदराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "चार महिने होते. एक फोन करायचा होता तुला."

एवढं बोलून ते बाहेर पडले. पेटी उघडून बघायची होती ते राहूनच गेलं.

घरी आल्यावर त्यांनी पंखा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. खालच्या मांडणीतली जड पातेली वर ओट्यावर आली होती. ती कधी आली? दिवाळीच्या सुमाराला. वाकायला नको म्हणून, असं इंदू म्हणाली होती आणि ते बरं म्हणाले होते. स्टूल ओट्याजवळ आलं होतं, कणीक ती बसून मळायला लागली होती. जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबून शेजारच्या सोनिकाशी गप्पा मारायची सवय तिला लागली होती. बायकांना बोलायला काय, कुठेही चालतं, असं म्हणून ते पुढे निघून जात. यातलं काहीच एका दिवसात घडलं नव्हतं. दर वेळी थोडं बदललं, आणि जे बदललं ते आठ दिवसांत घरातलं नेहमीचं होऊन गेलं.

आणि एकदा तर ती बोललीही होती. नवरात्राच्या आधी, जिन्यातच. "अहो, हल्ली मला जरा," एवढंच म्हणाली होती. त्याच वेळी दाना ओलीहून फोन आला. त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "काय झालंय का? नाही ना? मग वर चल, बोलू." वर गेल्यावर ती चहा टाकायला गेली आणि ते प्रिंटरच्या दुकानदाराशी बोलत बसले.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं होतं, त्रास कधीपासून होता? गोविंदराव म्हणाले, काहीच नव्हता हो, एकदम झालं. डॉक्टरांनी इंदूच्या सुजलेल्या पायांवर बोट दाबून बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही. नंतर तेराव्याला, भेटायला येणाऱ्यांना, बंगळूरला असलेल्या मुलीला, श्रुतीला, सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं की एकदम झालं. श्रुतीने दोन-तीनदा खोदून विचारलं होतं. त्यांनी तिला गप्प केलं होतं.

संध्याकाळभर त्यांना गरिमाचा राग येत राहिला. ती परकी पोरगी दर गुरुवारी बघत होती आणि गप्प बसली. लिहून द्यायचं उद्या, लाइन ठीक आहे. खोटं थोडंच होतं ते? लाइन ठीकच होती.

सकाळी नवाला ते पडावला पोचले. भैयासाहेब अजून आले नव्हते. चिठ्ठीत वेळा लिहायच्या म्हणून त्यांनी प्रोग्रॅम उघडला आणि दौलतगंजचं पान काढलं. लाल रेघांच्या बाजूला दुसरं एक पान होतं, ओ यायला किती वेळ लागला त्याचं. ते त्यांनी आजवर उघडलं नव्हतं. बंद की चालू एवढंच ते बघत आले होते. आज उघडलं.

पानावर करवतीच्या दातांसारखा आलेख होता. सकाळी दुकान उघडताना रेघ तळाला. मग चढत जायची, आधी थोडी, मग उभीच्या उभी, आणि पार वर पोचली की तुटायची. तिथे ती चार मिनिटांची लाल रेघ. त्यानंतर पुन्हा तळाला, आणि पुन्हा चढ. रोज तसंच. एकही लाल रेघ अशी नव्हती की जिच्याआधी चढ नाही. गरिमाने एकदाही विनाकारण बटण बंद केलेलं नव्हतं, उलट प्रत्येक वेळी जरा जास्तच सहन करून मग केलं होतं. पहिल्या दिवसापासून हे सगळं इथे लिहिलेलं होतं.

गरिमाचा राग करायला आता त्यांच्याकडे काही उरलं नाही. तिने फोन केला असता तर ते काय म्हणाले असते, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

भैयासाहेब साडेदहाला आले. "लिहिलं का काका?"

"आधी हे बघा." गोविंदरावांनी आलेख दाखवला, चढ दाखवले. "लाइन ठीक आहे. राउटर तापतो. तापला की मंदावतो. ती बंद करून थंड करते आणि मग काम करते. ते केलं नसतं तर तुमचं दौलतगंज दोन वर्षांपूर्वीच बसलं असतं."

भैयासाहेबांनी आलेख नीट बघितला. माणूस तापट होता पण समज चांगली होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "मशीन खराब. मान लिया. पण दोन साल, काका. दोन साल हिने सांगितलं नाही? माझी पार्टी गेली. सांगणं तिचं काम होतं. चोर नसेल, पण लापरवाह तर आहे. आज हे लपवलं, उद्या दुसरं लपवेल. अशा माणसाला मी कशाला ठेवू?"

इथे गप्प बसता आलं असतं. राउटर बदलून देतो म्हटलं असतं तर त्यांच्यावर काहीच आलं नसतं.

"तिने सांगितलं होतं," गोविंदराव म्हणाले. "मी तिला चार लोकांत हसलो. हळू चालतंय म्हणून मला फोन करायचा नाही, हा नियम मी केला. भिंतीवर लावलाय, खाली माझीच सही आहे. आणि डबा तापतो तो मीच पेटीत कोंडला म्हणून. कुलूपही माझंच. तिने लपवलं नाही, भैयासाहेब. मी तिला सांगायला जागाच ठेवली नव्हती."

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मलाच काल कळलं."

भैयासाहेब खुर्चीत मागे टेकले. "आबासाहेब म्हणायचे, गोविंदाकडे दिलं की मागे वळून बघायला नको. म्हणून कोणी बघितलंच नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्या मुलीला राहू दे. पण काका, तुम्हाला मी काय सांगू? दिवाळीला करार संपतोय. त्यानंतर मी इंदूरवाल्यांनाच देईन म्हणतो. तोवर हे सगळं नीट लावून द्या. बुरा मत मानना."

"नाही," गोविंदराव म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

भैयासाहेबांचा आवाज जरा उतरला. "काकींचं झालं तेव्हापासून तुम्ही थकलेले दिसता, हे पण आहे. एकदम झालं ना ते."

"एकदम नाही झालं," गोविंदराव म्हणाले. "पाच-सहा महिने होत होतं. माझं लक्ष नव्हतं."

हे त्यांनी पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. भैयासाहेबांनी फोन उचलून गरिमाला कळवलं की अकराला यायची गरज नाही.

गोविंदराव नवा राउटर घेऊन दौलतगंजला गेले. वाटेत स्कूटर सावलीला उभी करून त्यांनी श्रुतीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, संध्याकाळी करते म्हणाली. "कर," ते म्हणाले. "आईबद्दल बोलायचंय. तू विचारत होतीस ते." मग ती म्हणाली, "बाबा, मी बाहेर येते, आत्ताच बोला." पंधरा मिनिटं ते त्या झाडाखाली उभे होते. श्रुती रडली, आणि रागावली. तिने रागवावं असंच होतं ते. शेवटी म्हणाली की आत्ता मला काही बोलवत नाही, मी उद्या करीन.

काउंटरवर पोचल्यावर त्यांनी पेटी उघडली. आत हात घातला तर तव्याजवळ नेल्यासारखी धग लागली. त्यांनी जुना डबा काढला, पेटीही भिंतीवरून उतरवली, आणि नवा डबा उघड्या फळीवर, पंख्याच्या वाऱ्यात बसवला. गरिमा स्टूल धरून उभी होती.

"काल मी रागावून गेलो," खाली उतरून ते म्हणाले.

"चुकलं तर माझंपण, काका. मला रोज वाटतं. एक फोन करायला पाहिजे होता."

"केला असतास तर मी तुलाच झापलं असतं. तिलाही झापलं असतं बहुतेक." ते बाकावर बसले आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. "हे बघ. इथे मी आता हळू झालं तरी निरोप येईल असं करतोय. पण हळू म्हणजे किती, तो आकडा भरायचाय. मला तो माहीत नाही. तू सांग."

"मी? मला काय समजतं त्यातलं?"

"दोन वर्षं तूच बघतेयस. तुला कधी वाटायला लागतं की आता बिघडणार?"

गरिमाने विचार केला. "समोरचा माणूस आधी नुसता बघत राहतो. मग विचारतो, हो गया क्या? ते ठीक आहे. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा मला कळतं की आता आजचा दिवस गेला."

"पहिल्यांदा विचारतो तेव्हाच मला कळू दे," गोविंदराव म्हणाले. त्यांनी तिला एक बिल्टी काढायला लावली आणि घड्याळ बघत बसले. चांगलं चालत असताना पान दोन सेकंदांत उघडत होतं. तिच्या अंदाजाने माणूस पाचव्या-सहाव्या सेकंदाला तोंड उघडतो. त्यांनी मोजमाप करून त्याच्याही बराच खालचा आकडा भरला. रोज चार निरोप उगाच येतील, येऊ देत. स्कूटर आहे, आणि दिवाळीपर्यंत दिवसही आहेत.

इंदूला असं बसून विचारायला अर्धा तास लागला नसता. जिन्यातच विचारता आलं असतं. आता ते काही होणार नव्हतं, आणि हा डबा कितीही नीट चालला तरी त्याने त्यात फरक पडणार नव्हता. त्यांनी लॅपटॉप मिटला नाही.

"आणखी काय हळू चालतं इथे?" त्यांनी विचारलं.

"खरंच सांगू?"

"सांग."

"प्रिंटर दर तिसरा कागद ओढून घेतो, पण सोडत नाही. हाताने काढावा लागतो."

गोविंदरावांनी खिशातली डायरी काढली आणि लिहून घेतलं.

"कीबोर्डचं एक बटण दोनदा दाबावं लागतं. नऊचं. गाडीच्या नंबरात नेमका नऊ येतो."

"पुढे."

"माझी खुर्ची. पण ते तुमच्यात नाही येत, काका."

"असू दे, सांग. काय होतं खुर्चीला?"

"एका बाजूला झुकते. पाठ धरते संध्याकाळपर्यंत."

"किती दिवस झाले?"

गरिमा सांगायला लागली. तेवढ्यात एक माणूस तीन खोकी घेऊन फळीपाशी आला आणि आग्र्याला जाईल का विचारू लागला. तिने त्याला दोन मिनिटं थांबायला सांगितलं, आणि गोविंदराव पेन हातात धरून तिचं बोलणं पुरं व्हायची वाट बघत राहिले.